जाहिरातीचे पैसे कोण भरतो?

(कारंजा लाड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



खेड्यातल्या शाळामास्तराने बोलायचे म्हणजे शिक्षणावर, असा आपला समज असतो. आज आम्ही वर्तमानपत्रातील जाहिरातीवर बोलणार आहोत, आणि तेही शिक्षणावरचेच बोलणे आहे. शाळेत आम्ही मुलांना अक्षर ओळखायला शिकवतो. पण शाळा सुटल्यावर मुलाच्या डोळ्यांपुढे वारंवार येणारे अक्षर पुस्तकातले नसते. ते बियाण्याच्या पिशवीवरचे असते, औषधाच्या बाटलीवरचे असते, एसटीच्या पाठीवरचे असते, वर्तमानपत्राच्या चौकटीतले असते आणि अलीकडे हातातल्या मोबाइलवरचे असते. हे अक्षर फुकट वाचायला मिळते. परंतु जगात फुकट काही मिळत नाही. कोणीतरी त्याचे पैसे भरलेले असतात. ते कोणी भरले आणि कशासाठी भरले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पूर्वी गावात जाहिरात नव्हती काय? होती. दवंडी ही जाहिरातच. पण दवंडी देणारा माणूस गावचा, ओळखीचा. त्याला चालता चालता हटकून विचारता येत असे की बाबा, हे सांगितले कोणी, आणि लिलाव कोणत्या वारी? बाजारात कुंभार मडके वाजवून दाखवतो, कोष्टी लुगड्याचा पदर उलगडून दाखवतो. चांभाराने केलेल्या वहाणेचा टाका उसवला तर पुढच्या बाजारी त्याच्याच पुढ्यात जाऊन बसता येते. छापील जाहिरातीचे तसे नाही. ती बोलते, पण तिला काही विचारता येत नाही. बोलणारा शेकडो कोसांवर बसलेला असतो आणि आपण येथे ओट्यावर बसून ऐकत असतो. ही नवी तऱ्हा आपल्या मुलखात कशी आली, ते आधी पाहू.

आपल्या कारंज्याचेच घ्या. आज कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. 1998 साली हा जिल्हा झाला, त्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. वऱ्हाड नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे होते, त्या काळात, म्हणजे 1886 साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. सरकारी नियमाखाली चालणारा देशातला पहिला बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. विलायतेच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बेताच्या भावात मिळावा, हा त्यामागचा मोठा हेतू होता. 1897 साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यानंतर मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी कारंज्यावरून धावू लागली. तिलाच पुढे लोक शकुंतला म्हणू लागले.

आता विचार करा. ज्या वाटेने माल जातो त्या वाटेने माल येतोही. कापूस विकला गेला म्हणजे कास्तकाराच्या कनवटीला चार दिवस रोकड असते, हे जसे गावच्या सावकाराला ठाऊक होते तसे मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक होते. सावकार दाराशी येऊन उभा राहत असे. व्यापाऱ्याला दाराशी यायचे कारण नव्हते. त्याने वर्तमानपत्राचा रकाना विकत घेतला. आगगाडीने गाव जोडले, पोस्टाने घर जोडले आणि जाहिरातीने त्या घरातल्या गाठोड्याला हात घातला.

या धंद्याचा खरा भागीदार पोस्ट होते. 1877 साली व्ही. पी.ची सोय सुरू झाली आणि 1879 साली पाव आण्याचे कार्ड निघाले. गिऱ्हाइकाने कार्ड टाकायचे, दूरच्या दुकानदाराने पुडके पाठवायचे, पोस्टमनने पैसे मोजून घ्यायचे आणि मग पुडके हातात द्यायचे. पैसे आधी, दोरी सोडणे नंतर! प्रामाणिक दुकानदाराच्या हातात ही सोय म्हणजे खेड्याला मिळालेले वरदान होते. पुस्तके, चांगली औषधे, हत्यारे, ज्या वस्तू तालुक्याच्या गावीही मिळत नसत त्या घरपोच येऊ लागल्या. पण लबाडाच्या हातात हीच सोय सापळा झाली. पुडके उघडल्यावर आत काय निघाले, याची दाद कास्तकाराने कोठे मागायची? मुंबईस जायचे तर भाडेच वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट!

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतील मराठी वर्तमानपत्रे उघडून पाहिली तर जाहिरातीच्या रकान्यांत औषधांची गर्दी दिसते. एकच गोळी, आणि ती ताप, खोकला, अशक्तपणा, विसराळूपणा, सगळ्यांवर चालते! जामनगरच्या आतंक निग्रह गोळ्यांचे नाव गावोगाव झाले ते जाहिरातींच्याच जोरावर. घड्याळे, केसांची तेले, साबण, चहा, कंदील यांचीही रांग लागे. आणि देवदेवतांनाही या कामास जुंपलेले होते. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. त्यांच्या चित्रांतली लक्ष्मी, सरस्वती, बाळकृष्ण घरोघर गेले, आणि कंपन्यांनी अशी चित्रे कॅलेंडरांवर छापून खाली आपल्या साबणाचे व औषधाचे नाव घातले. गृहिणीने देव म्हणून भिंतीवर लावावा आणि त्याच्या पायाशी कंपनीचे नाव वर्षभर वाचावे. पूर्वी देवाच्या नावाने दक्षिणा मागणारे एक होते, आता दुसरे आले. नमस्कार देवाला झाला तरी पैसा कोणाच्या पेटीत पडतो, हे दोन्हीकडे सारखेच पाहावे लागते.

सगळीच जाहिरात खोटी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बोलणाऱ्याची बोरे खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, हे आपल्या वाडवडिलांनीच सांगून ठेवले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्याला हात लावीत नव्हते. पहिले नांगर विकताना त्यांना फार कष्ट पडले. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या त्या पत्राचे पुढे मराठीतले नावाजलेले मासिक झाले. नांगर चांगला होता, म्हणून त्याची जाहिरात शेतकऱ्याच्या उपयोगी पडली. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातील गृहस्थांनी 1893 साली मुंबईत अमृतांजन काढले आणि त्या कमाईवर 1908 साली मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ सुरू केली. वस्तू विकून आपल्या भाषेचे वर्तमानपत्र उभे करणारी माणसेही त्या काळात होती. तेव्हा जाहिरात ही विळ्यासारखी आहे. विळा पीकही कापतो आणि बोटही कापतो. मूठ कोणाच्या हातात आहे, हे पाहावे.

आता या विषयाची दुसरी बाजू सांगतो. जाहिरातीच्या रकान्यात काय छापले गेले ते आपण पाहिले. काय छापले गेले नाही, तेही पाहिले पाहिजे.

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी 2500 रुपयांचे साहाय्य दिले होते. नवे पत्र निघते तेव्हा त्याची वार्ता लोकांस कळावी म्हणून दुसऱ्या पत्रांत जाहिरात देण्याची रीत होती. ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवण्यात आली. पैसे देऊ केले होते, भीक मागितली नव्हती. तरीही ‘केसरी’ने ती छापली नाही. त्या वेळी टिळक हयात होते. ही हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेली आहे.

मंडळी, या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. व्यापारी म्हणतो, माझ्या दुकानात जात नाही, फक्त पैसा आहे. छापखानेवाला म्हणतो, रकाना सर्वांना खुला आहे, ओळीचे पैसे टाका. पण ज्याला समाजाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्याचा पैसा रकान्यावरही चालला नाही. जी माणसे शेकडो वर्षे मुकी ठेवली गेली त्यांचे पत्र निघाले आहे, एवढे चार ओळींत सांगायलासुद्धा जागा मिळाली नाही! म्हणून आम्ही म्हणतो की जाहिरातीचा रकाना हा समाजाचा आरसा आहे. त्यात कोण गिऱ्हाईक म्हणून दिसतो आणि कोण माणूस म्हणूनही दिसत नाही, ते पाहावे.

मग बहुजन समाजाची स्वतःची पत्रे होती, त्यांचे काय? मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ काढला आणि नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून तो 1967 पर्यंत चालवला. शहर नाही, पेठ नाही, आणि तरी खेड्यात छापखाना! भगवंतराव पाळेकरांनी 1917 साली बडोद्याहून ‘जागृती’ काढली. श्रीपतराव शिंदे यांनी 1919 साली पुण्यात ‘विजयी मराठा’ सुरू केला. अशा पत्रांना पैशाची ओढ कायमची. त्याचे एक कारण असे की, जाहिरातदार पत्राचा विचार किती खरा आहे हे पाहत नाही. त्याचा वाचक किती खर्च करू शकतो हे पाहतो. कुणबी, माळी, तेली, कोष्टी, महार, मांग, चांभार यांच्या घरी जाणाऱ्या पत्रात साबणवाला पैसे कशाला घालील?

दुसरे कारण आपल्यातच होते, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. 1911 च्या खानेसुमारीत आपल्या देशात दर शंभरांत सहा माणसेही साक्षर भरली नव्हती. तेव्हा गावात एक अंक यायचा. शिकलेल्या एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचा. गावाच्या दृष्टीने ही फार चांगली रीत. एका अंकाने पंचवीस घरे जागी होत. पण पत्रकर्त्याच्या वहीत वर्गणीदार एकच! त्या एकाचीही वर्गणी थकलेली. जाहिरातदार वही पाहतो, ओटा पाहत नाही. त्यामुळे ज्या पत्राला ऐकणारे सर्वांत अधिक, त्याचीच पेटी सर्वांत रिकामी, असा उलटा प्रकार झाला. बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ 1927 साली निघाले. लेखनाचा बहुतेक भार संपादकाने एकट्याने उचलला, मदतीसाठी वाचकांना कळकळीने विनवले, आणि तरी 1929 साली ते पत्र बंद पडले. विद्वत्ता कमी पडली नव्हती. पैसा कमी पडला. हे आपल्या समाजाने विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जाहिरातीचे पैसे कोण भरतो? आपण म्हणाल, कंपनी भरते. कंपनी कोठून आणते? समजा, एका वडीला बनवणावळ सहा आणे येते. व्यापाऱ्याचा नफा दोन आणे. तिचे नाव गावोगाव गाजवायला वडीमागे दोन आणे खर्च आला. तर ती वडी दहा आण्यांना विकली जाते. ते दोन आणे कंपनीने फक्त आगाऊ दिले होते. वसूल झाले ते आपल्या घरातून. म्हणजे जाहिरात वाचणाराच जाहिरातीचे पैसे भरतो. ज्याला वाचता येत नाही तोही भरतो, कारण वडी त्यालाही त्याच भावाने मिळते. हे आकडे आम्ही वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा पाचवीतल्या पोरांना समजतात. ज्याचा पैसा त्याला हिशेब मागण्याचा हक्क. तो हक्क आपण वापरत नाही, एवढेच उणे आहे.

कारागिरांनी यात आणखी एक गोष्ट पाहावी. गावचा तेली घाण्यावर तेल काढतो, कोष्टी मागावर कापड विणतो, लोहार भात्यापुढे विळा घडवतो. त्यांची जाहिरात म्हणजे त्यांचे काम. कारखान्याचा माल आला तो यंत्राच्या जोरावर स्वस्त होऊन आला, हे खरे. पण तो नुसता स्वस्त होऊन आला नाही. तो नाव घेऊन आला. डब्यावर चित्र, चित्राखाली नाव, नावामागे वर्तमानपत्राची साक्ष. पोरे म्हणू लागली, आम्हांला त्या नावाचेच पाहिजे. आपल्याच गावच्या घाण्याचे तेल अडाण्याचे झाले आणि डब्यातले शहाण्याचे झाले. यंत्राशी झुंज देणे कारागिराच्या हातात नव्हते. पण आपल्या शेजाऱ्याच्या हातच्या वस्तूला कमी लेखायला आपल्याला कोणी शिकवले, हे तरी आपण ओळखायला हवे होते.

हे सारे जुन्या काळचे झाले, आता लोक शहाणे झाले, असे कोणी म्हणेल. त्याने शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांची गोष्ट ऐकावी. 2008 साली एका बड्या इंग्रजी दैनिकात या गावांविषयी बातमी आली की बीटी कपाशीने गावांचे सोने झाले, तेथे आत्महत्या नाहीत. 2011 साली तोच मजकूर शब्दशः पुन्हा छापून आला. पण या वेळी पैसे देऊन छापलेली जाहिरात म्हणून! 2012 साली संसदेच्या कृषिविषयक समितीचे सदस्य भांबराजाला गेले तेव्हा आमच्या गावात आत्महत्या झाल्या आहेत, असे गावकऱ्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे आज पदवीधरालाही ओळखू येत नाही. शंभर वर्षांपूर्वी निदान जाहिरातीभोवती चौकट तरी असे.

आणि गोळ्या? त्याही गेल्या नाहीत, फक्त बाटली बदलली. मुलांची बुद्धी वाढवणाऱ्या एका चूर्णाची जाहिरात पाहून आमच्या शाळेतील एका मुलाच्या आईने शेळी विकून तीन महिन्यांचे डबे मागवले. मुलगा हुशार होता. त्याला फळा दिसत नव्हता, एवढेच. सरकारी दवाखान्यात डोळे तपासले, चष्मा लागला, आणि पोरगा वाचू लागला. शेळी मात्र गेली ती गेलीच. त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. लेकरासाठी तिने घरातली दूधदुभत्याची शेळी विकली. दोष असलाच तर, आईच्या मायेवर जो धंदा करतो त्याचा आहे.

कायदे झाले आहेत. चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 साली कायदा झाला. ग्राहक संरक्षणाचा कायदा 1986 साली झाला आणि 2019 साली नवा आला. त्यात फसव्या जाहिरातीबद्दल दंडाची तरतूद आहे. पण कायदा हा कुलपासारखा असतो; दार लावण्याचे काम घरच्यालाच करावे लागते. म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या गाठीला बांधा.

पहिली: जाहिरात वाचताना विचारा, हे बोलणारा कोण आणि तो राहतो कोठे? पत्ता नाही, तर पैसा नाही. दुसरी: एकच वस्तू दहा रोगांवर किंवा दहा पिकांवर चालते असे म्हणत असेल, तर ती एकावरही चालेल की नाही याची शंका घ्या. तिसरी: अमक्या तमक्याला गुण आला असे छापले असेल, तर तो अमका आपल्या ओळखीचा आहे काय? त्याच्या साक्षीपेक्षा शेजारच्या शेतातले पीक पाहा. चौथी: पावती घेतल्याशिवाय बियाणे, औषध, खत घेऊ नका. बियाण्याची पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. उगवले नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. इतर मालाबद्दल 1915 या क्रमांकावर ग्राहकाची तक्रार नोंदवता येते, आणि जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. जुन्या कास्तकाराला मुंबईचे भाडे परवडत नव्हते. आपल्याला तेवढे लांब जावे लागत नाही.

शिक्षकबंधूंनाही आमची विनंती आहे. आठवड्यातून एक तास मुलांपुढे जाहिरात ठेवा. तिच्यातले कोणते वाक्य तपासून पाहता येते आणि कोणते नुसतेच गोड आहे, ते त्यांना शोधू द्या. मुलींना आधी विचारा, कारण घरात काय विकत घ्यायचे हे पुढे त्याच ठरवणार आहेत. ज्याला वाचता येते पण तपासता येत नाही, तो निरक्षरापेक्षा लवकर फसतो. निरक्षराला निदान कोणाला तरी विचारावे लागते.

शेवटी, ज्या पत्राला आपण आपले म्हणतो त्याची वर्गणी वेळेवर भरा. एका अंकावर पंचवीस घरांनी वाचायला आमची हरकत नाही, पण पंचवीस घरांनी मिळून एकाची वर्गणी तरी थकू देऊ नये. पत्राला कोणीतरी पोसावेच लागते. आपण पोसले तर ते आपल्या बाजूने बोलेल. आपण हात आखडला तर त्याला जाहिरातदाराच्या दारी उभे राहावे लागेल, आणि मग तेथे जे वाढले जाईल तेच ते आपल्या पानात वाढील. तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.